सतराव्या फेरीतली चूक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चाहत्यांच्या हस्तकलेवर पानभर लेख आला. आवडत्या मालिका, चित्रपट, कॉमिक्स यांतल्या पात्रांवरून लोक घरी काय काय करतात, लोकरीच्या बाहुल्या, मण्यांची ब्रेसलेट, फोमची चिलखतं, भरतकामाच्या पिशव्या, हे सगळं इतक्या आपुलकीनं मराठीत वाचायला मिळालं म्हणून आधी मनापासून आभार. या विषयावर लिहिताना 'या वयात बाहुल्या कसल्या?' असा सूर हमखास लागतो. तुमच्या लेखिकेनं तो लावला नाही.

लेखासोबत सहा छायाचित्रं होती. प्रत्येक वस्तूखाली ती कोणत्या मालिकेतली, कोणत्या पात्राची हे छापलं होतं. ती कोणाच्या हातची आणि कोणी बसवलेल्या नमुन्यावरून केलेली, हे मात्र एकाही छायाचित्राखाली नव्हतं. हे पत्र तेवढ्यासाठी आहे. बाब किरकोळ वाटेल, पण गेल्या वर्षी मला जे अनुभवाला आलं त्यानंतर ती मला किरकोळ वाटत नाही.

मी बासष्ट वर्षांची आहे. नोकरी सगळी हिशेबाच्या टेबलावर गेली. क्रोशाची सुई शाळेत असल्यापासून हातात आहे, पण अमिगुरुमी, म्हणजे जपानी पद्धतीच्या विणलेल्या, आत कापूस भरलेल्या छोट्या बाहुल्या, मी निवृत्तीनंतर शिकले. हिशेबाच्या माणसाला ही कला फार जवळची वाटते. मधोमध सहा मुके खांब, म्हणजे क्रोशाचे साधे आखूड टाके, घालायचे, पुढच्या फेरीला बारा, मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहा वाढले की चकती सपाट पसरते. वाढवणं थांबवलं की तिच्या कडा वर उठतात आणि वाटी होते, आणि त्याच मापानं टाके घटवत गेलं की गोळा मिटतो. वाढ दर फेरीला एकाच जागी आली तर गोलाला सहा कोपरे दिसू लागतात, म्हणून ती थोडी सरकवत न्यायची. हे गणित सगळ्यांचं आहे. त्यावर मी काय, कोणीच हक्क सांगू नये.

पण गोळ्याचा जीव होतो तो पुढच्या कामात. डोळे कितव्या फेरीवर, किती टाक्यांच्या अंतरानं? कान डोक्याला सपाट शिवायचे की चिमटीत धरून? मान जड डोकं पेलेल का? इथे नमुना बसवणारीचे दिवसच्या दिवस जातात. विणलेलं उसवायचं, पुन्हा विणायचं, वहीत आकडा खोडायचा.

माझा भाचा सात वर्षांचा असताना त्याच्या एका पायाची शस्त्रक्रिया झाली आणि पुढे त्याला कृत्रिम पाय लागला. त्याचा सगळ्यात आवडता चित्रपट एका काळ्या ड्रॅगनचा. त्या ड्रॅगनच्या शेपटीचा एका बाजूचा पंखा गेलेला असतो आणि त्याच्याशी मैत्री झालेला मुलगा त्याला कृत्रिम पंखा बसवून देतो, तेव्हा तो पुन्हा उडू शकतो. चित्रपटाच्या शेवटी त्या मुलाचाही एक पाय कृत्रिम असतो. माझ्या भाच्याला त्या गोष्टीत काय दिसत असेल ते मी सांगायला नको. त्याला भेट म्हणून आलेल्या ड्रॅगनच्या खेळण्यात तो लाल पंखा शेपटीला कायमचा शिवलेला होता. त्यानं मला विचारलं, "मावशी, रात्री झोपताना हा काढत कसा नाही?" तो स्वतः काढत होता ना.

म्हणून मी तो ड्रॅगन विणायला घेतला. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, विणणाऱ्या प्रत्येकीला हे ठाऊक असतं. मी अगदी गडद करडा रंग घेतला, मांडीवर पांढरं फडकं पसरलं, फेरीची सुरुवात कळावी म्हणून पिवळा दोरा अडकवला आणि तरीही कित्येक टाके डोळ्यांनी न मोजता डाव्या अंगठ्याच्या नखानं चाचपून मोजले. शेपटीचा पंखा चार वेळा उसवला. आधी हुक लावून पाहिला, तो लोकरीत अडकायचा. मग वेलक्रो लावला, त्याच्या काट्यांनी शेपटीच्या टाक्यांचे तंतू निघाले. शेवटी शेपटीच्या टोकाशी एक चपटं बटण घट्ट शिवलं आणि लाल पंख्याला पाच साखळी-टाक्यांचा फास ठेवला. लहान बोटांना तो काढता येतो आणि घालताही येतो. भाच्यानं ते पहिल्यांदा केलं तेव्हा तो काही बोलला नाही. फक्त काढत राहिला आणि घालत राहिला, बराच वेळ.

त्याच्या उपचारकेंद्रातल्या आणखी दोन मुलांच्या आयांनी ड्रॅगन मागितला. तेव्हा मी ठरवलं की नमुना नीट लिहून काढायचा आणि ज्याला हवा त्याला फुकट द्यायचा. तीन पानं झाली. पहिल्या पानावर माझं नाव, माझा ई-मेल, आणि दोन विनंत्या: बाहुली विकू नका, आणि नमुना पुढे द्याल तर या पानासकट द्या.

नमुना लिहिला की तो आधी तपासून घ्यावा लागतो. लिहिणारीच्या हाताला सवय झालेली असते, कागदावर चुकलं तरी हात बरोबर विणत जातो. मी चार जणींना तपासायला दिला. त्यांतल्या एकीनं चौथ्या दिवशी कळवलं, "ताई, सतराव्या फेरीत टाके उरतात." तिचं खरं होतं. सोळाव्या फेरीअखेर चोवीस टाके असतात. सतराव्या फेरीत तीन मुके खांब आणि एक वाढ (एकाच टाक्यात दोन) असं सहा वेळा करायचं, म्हणजे तीस होतात. मी 'तीन'च्या जागी 'दोन' लिहिलं होतं. तसं केलं तर चोवीसपैकी अठराच टाके वापरले जातात, सहा तसेच राहतात आणि ड्रॅगनची छाती एका बाजूला कलते. जन्मभर ताळेबंद जुळवले आणि इथे चुकले, याचं वाईट वाटलं. लगेच दुरुस्त केलं.

दुसरी दुरुस्ती याहून महत्त्वाची होती. पहिल्या मसुद्यात मी डोळे प्लास्टिकचे सांगितले होते, मागून चकती दाबून बसवतात ते. त्यांना 'सेफ्टी आय' म्हणतात, पण विणकामाला ते तितकेसे सुरक्षित नसतात. लोकरीची वीण ताणली की भोक मोठं होतं आणि डोळा चकतीसकट बाहेर येऊ शकतो. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात ती वस्तू जाता कामा नये. तपासणाऱ्यांपैकी दुसरीच्या घरी तान्हं मूल होतं, तिनं हे लक्षात आणून दिलं. सुधारलेल्या नमुन्यात डोळे दोऱ्यानं भरायला सांगितले आहेत.

पुढे सहा-सात महिन्यांनी एका ओळखीच्या बाईंनी मला फोनवर एक फाइल पाठवली. खाली लिहिलं होतं, "बघा किती गोड नमुना मिळाला. कोणाचा आहे ठाऊक नाही. सतराव्या फेरीत काहीतरी घोळ आहे, तुम्हाला सुटतो का बघा."

दोनच पानं होती. पहिलं पान कोणीतरी काढून टाकलं होतं. सतराव्या फेरीत 'दोन' होतं, आणि डोळे प्लास्टिकचे.

माझा तो कच्चा मसुदा होता. तपासणीच्या काळात तो कसा बाहेर गेला याचा मी शोध घेतला नाही, कारण त्या चौघींपैकी कोणीही वाईट हेतूनं काही केलं असेल असं मला वाटत नाही. पुढे समजलं की तो अनेक ग्रुपवर फिरला आहे आणि एका विक्रेत्यानं त्यावरून केलेले ड्रॅगन विकायलाही ठेवले आहेत, माझ्याच भाच्याच्या ड्रॅगनचा फोटो लावून. विक्रीचा राग आला, नाही असं नाही. पण झोप उडाली ती डोळ्यांमुळे. कोणत्या घरात, कोणत्या वयाच्या मुलाच्या हातात ते प्लास्टिकचे डोळे गेले असतील? मी कोणाला कळवू? ज्यांच्याकडे तो कागद आहे त्यांना माझा पत्ता नाही, आणि मला त्यांचा नाही. माझं नाव तिथे असतं तर सतराव्या फेरीत अडलेल्या पहिल्याच बाईनं मला विचारलं असतं, आणि मी तिला दोन्ही दुरुस्त्या एका ओळीत सांगितल्या असत्या.

आता कोणी विचारील, आणि विचारावंच, की ड्रॅगन तरी तुमचा कुठे होता? बरोबर आहे. तो चित्रपट करणाऱ्यांचा आहे. त्या पात्रावर त्यांचा हक्क आहे हे मी मानते, म्हणूनच मी एकही बाहुली विकली नाही, आणि उद्या त्यांनी नमुना मागे घ्यायला सांगितलं तर घेईन. त्या बटणाच्या फासासाठी चार वेळा उसवणं मात्र माझं आहे. एकाच वस्तूत दोघांचं काही असू शकतं. मोठ्या कंपनीचं नाव वस्तूच्या चेहऱ्यावरच दिसतं, ते पुसलं जात नाही. पुसलं जातं ते विणणारीचं.

या जगात हे नवं नाही. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतला लांबलचक पट्ट्यापट्ट्यांचा मफलर जगभरचे चाहते आजही विणतात. मीही एक विणला आहे. सगळ्या ओळी सुलट, त्यामुळे नवख्या हातालाही जमतो, फक्त संपता संपत नाही. टॉम बेकर हे नट 1974 मध्ये त्या भूमिकेत आले तेव्हा वेशभूषाकार जेम्स अॅचेसन यांनी बेगोनिया पोप नावाच्या विणणाऱ्या बाईंकडे रंगीबेरंगी लोकरीचा मोठा गठ्ठा दिला. त्यातून हवी तेवढी वापरायची होती. बाईंनी सगळी विणून टाकली, आणि जमिनीला लोळणारा तोच मफलर त्या पात्राची ओळख झाला. नटाचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पण ही गोष्ट सांगताना विणणारे चाहते बेगोनिया पोप यांचं नाव घेतल्याशिवाय राहत नाहीत. मफलर विणायला घेतला तेव्हा मला ते नाव आधी कळलं, पट्ट्यांचा क्रम नंतर.

त्याच मालिकेची दुसरी गोष्ट दुःखद आहे. 2008 मध्ये मालिकेत 'अॅडिपोज' नावाचे पांढरे, गुबगुबीत, हातभरही नसलेले जीव आले. एका विणणारीनं त्यांचा आणि आणखी काही पात्रांचा नमुना तयार करून इंटरनेटवर फुकट ठेवला. त्यावरून बाहुल्या विणून दुसऱ्याच लोकांनी लिलावाच्या साइटवर विकायला काढल्या. बीबीसीचं पत्र मात्र नमुना देणारीला गेलं, आणि तिला नमुने काढून टाकावे लागले. जिनं काही मागितलं नाही तिच्याच हातून काम गेलं.

2002 च्या 'फायरफ्लाय' मालिकेतल्या टोपीचंही असंच झालं. केशरी-पिवळी, कानांवर पट्ट्या असलेली ती टोपी गोष्टीतल्या एका दणकट माणसाला त्याच्या आईनं विणून पाठवलेली असते. मालिका लवकर बंद पडली, पण चाहत्यांनी ती टोपी वर्षानुवर्षं विणली, एकमेकांना दिली, काहींनी विकलीही. 2013 मध्ये परवाना घेऊन कारखान्यात केलेली टोपी बाजारात आली आणि हातानं विणून विकणाऱ्यांना नोटिसा जाऊ लागल्या. कायद्याच्या बाजूनं कंपनीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तरी दहा वर्षं ती टोपी जिवंत ठेवली ती याच हातांनी, आणि आईनं विणलेली म्हणूनच तिची किंमत होती, हे विसरवत नाही.

मार्ग काढणारे मार्ग काढतात. जपानमध्ये 'वंडर फेस्टिव्हल' नावाचा हौशी शिल्पकारांचा मेळा भरतो. तिथे लोक आवडत्या पात्रांच्या स्वतः घडवलेल्या मूर्ती विकतात. त्यासाठी आयोजकांमार्फत मूळ हक्कदारांकडे आधी अर्ज करायचा आणि फक्त त्या एका दिवसापुरती, फक्त त्या जागेपुरती परवानगी घ्यायची. पात्र कोणाचं आणि मूर्ती कोणी घडवली, दोन्ही उघड. मला ही रीत अतिशय आवडते. असं काही विणकामासाठीही व्हावं असं फार वाटतं.

सगळीकडे नाव लागतंच असंही मी म्हणत नाही. गायिका टेलर स्विफ्ट यांच्या 2022 च्या अल्बममधल्या एका गाण्यात फ्रेंडशिप ब्रेसलेट करण्याचा उल्लेख येतो, आणि त्यावरून त्यांच्या 2023 आणि 2024 मधल्या 149 कार्यक्रमांच्या दौऱ्यात प्रेक्षक मनगटभर ब्रेसलेट घालून यायचे आणि अनोळखी माणसांशी त्यांची अदलाबदल करायचे. अक्षरांचे मणी, इलॅस्टिकची दोरी आणि एक घट्ट गाठ. माझी मोठी भाची असल्या कार्यक्रमाला जायची म्हणून आम्ही दोघींनी चाळीस ओवली. तिथे नमुना कोणाचाच नसतो आणि देणारी समोर उभी असते. कोणाकडून मिळालं ते घेणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं. अडचण येते ती वस्तू आणि नमुने माणसापासून सुटून फिरायला लागले की.

अलीकडे त्यात भर पडली आहे ती संगणकानं तयार केलेल्या चित्रांची. आवडत्या पात्राची इतकी सुबक विणलेली बाहुली दिसते की कोणीही भुलावं. जवळून पाहा: टाक्यांना दिशा नसते, फेरी कुठे सुरू होते ते सापडत नाही, एकाच पायावर क्रोशाचा टाका आणि दोन सुयांची वीण एकमेकांत विरघळलेली असते. अशा चित्रांसोबत विकलेला नमुना माझ्या शेजारच्या मुलीनं घेतला. पहिल्याच वेळी विणायला बसली होती. आठ फेऱ्यांनंतर आकडे जुळेनात, तेव्हा तिला वाटलं की आपल्याला ही कला जमणारच नाही, आणि तिनं सुई ठेवून दिली. मी तिला बसवून दाखवलं की तो नमुना कोणीच, कधीच विणलेला नाही. ती आता पुन्हा विणते आहे. पण तिच्यासारख्या किती जणींनी सुई ठेवली असेल, या विचारानं जीव तुटतो.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. यापुढे अशा वस्तूंची छायाचित्रं छापाल तेव्हा पात्राच्या नावासोबत दोन नावं विचारून घ्या: वस्तू कोणी केली आणि नमुना कोणी बसवला. बहुतेक वेळा करणाऱ्याला हे माहीत असतं, फक्त कोणी विचारत नाही. एखादीला नाव छापायचं नसेल तर 'नमुना: स्वतःचा' किंवा 'नमुना: विनामूल्य, मूळ पानावरून' एवढं लिहिलं तरी चालेल. आणि वाचकांना सांगा की फाइल पुढे पाठवताना पहिलं पान काढू नका. ते पान जागा अडवत नाही.

माझं पूर्ण नाव, पत्ता आणि ई-मेल सोबतच्या कागदावर दिला आहे. तो जरूर छापा.

जागा उरली तर एवढं मात्र वगळू नका. ज्यांच्याकडे काळ्या ड्रॅगनचा दोन पानी नमुना आहे, ज्यात शेपटीचा लाल पंखा बटणावर लागतो, त्यांनी सतराव्या फेरीत 'दोन मुके खांब' खोडून 'तीन' करावं. फेरीअखेर तीस टाके यायला हवेत. आणि घरात लहान मूल असेल तर प्लास्टिकचे डोळे आजच उसवून काढावेत आणि काळ्या-हिरव्या दोऱ्यानं भरून घ्यावेत. बाहुली आधीच तयार झाली असेल तरी हे बाहेरून करता येतं. न जमल्यास मला लिहा, मी करून देईन.

आपली नम्र,
एक वाचक